शब्दाचा वाद की मताचा?

वृत्तपत्रातील एखादा स्तंभ प्रसिद्ध झाला की पुढच्या दोन-तीन दिवसांत संपादकांच्या टेबलावर पत्रे येऊ लागतात. काही पत्रे कौतुकाची असतात, काही रागाची. रागाची पत्रे नीट वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. लेखकाच्या एकूण प्रतिपादनाला सरळ विरोध करणारे वाचक असतातच. परंतु लेखातील एका शब्दावर बोट ठेवून 'हा शब्द आपण का वापरलात?' असे विचारणारेही अनेक असतात. कोणाला एखादे विशेषण खटकते, कोणाला एखाद्या समाजाचा उल्लेख, तर कोणाला वाक्यात घुसलेला इंग्रजी शब्द. स्तंभलेखकांना हा प्रकार बहुधा किरकोळ वाटतो. 'मुद्दा सोडून शब्दाला धरले' अशी त्यांची तक्रार असते. वस्तुतः मुद्दा आणि शब्द इतके सहजासहजी वेगळे करता येतात का, हाच मूळ प्रश्न आहे.

आक्षेपाचे तीन प्रकार

वाचकांचे आक्षेप सामान्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला वस्तुस्थितीविषयीचा. लेखात वर्ष चुकले, आकडा चुकला, एकाचे वचन दुसऱ्याच्या तोंडी घातले गेले, तर वाचक ते निदर्शनास आणून देतो. येथे वादाला जागा नसते. चूक असेल तर ती मान्य करून दुरुस्ती छापणे एवढाच मार्ग उरतो. दुसरा आक्षेप मताविषयीचा. धरण व्हावे की न व्हावे, आरक्षण असावे की नसावे, इंग्रजी पहिलीपासून शिकवावी की पाचवीपासून, अशा प्रश्नांवर लेखक व वाचक यांचे एकमत होईलच असे नाही, आणि ते व्हावे अशी अपेक्षाही नसते. लेखकाने युक्तिवाद करावा, वाचकाने प्रतिवाद करावा, आणि इतरांनी दोन्ही वाचून आपले मत बनवावे, यासाठीच तर स्तंभ असतो.

तिसरा आक्षेप शब्दाविषयीचा, आणि तोच सर्वांत अवघड. कारण शब्द हा वस्तुस्थिती आणि मत यांच्या सीमेवर उभा असतो. एका जमावाला लेखक 'आंदोलक' म्हणतो, दुसरा 'दंगेखोर'. दोघांनीही पाहिलेले दृश्य एकच असू शकते. 'आंदोलक' म्हणणाऱ्याने त्या जमावाला काही न्याय्य मागणी आहे असे सुचवले, तर 'दंगेखोर' म्हणणाऱ्याने ती शक्यताच पुसून टाकली. दोघांपैकी कोणीही आपले मत सिद्ध केलेले नाही, शब्दाच्या आडून ते वाचकापर्यंत पोहोचवले आहे. युक्तिवादाने मांडलेले मत वाचकाला तपासता येते. शब्दातून आलेले मत मात्र पुष्कळदा वस्तुस्थितीच्या वेशात आत शिरते. त्यामुळे शब्दावर बोट ठेवणारा वाचक मुद्द्यापासून दूर गेलेला नसतो. बहुतेक वेळा तो मुद्द्याच्या मुळाशी पोहोचलेला असतो.

पत्रव्यवहाराची जुनी परंपरा

मराठी वृत्तपत्रांना हा वाद नवा नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, आणि त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी मराठीतील एक अत्यंत स्फोटक लेखमाला पत्रांच्याच रूपाने अवतरली. गोपाळ हरी देशमुख यांनी 'लोकहितवादी' या टोपणनावाने भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये १८४८ ते १८५० या काळात लिहिलेली ही 'शतपत्रे'. त्यांची संख्या प्रत्यक्षात शंभराहून अधिक, म्हणजे १०८ आहे. जातिभेद, विधवांची स्थिती, पोकळ विद्वत्ता, आळस अशा विषयांवर स्वसमाजालाच खडे बोल सुनावणारे हे लेखन पत्ररूप असल्यामुळे वाचक आणि लेखक यांच्यातील अंतर आपोआप कमी झाले. पत्र म्हटले की त्याला उत्तर आलेच.

पत्रे छापण्याची जबाबदारी किती मोठी असते, याचा धडाही मराठी वृत्तपत्रांना लवकरच मिळाला. कोल्हापूरचे तरुण छत्रपती शिवाजीराव यांच्या छळासंबंधी तेथील कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा' यांत प्रसिद्ध झाला. त्यास आधार म्हणून दिलेली पत्रे बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर या दोघांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी पुढे या तुरुंगवासावर पुस्तकच लिहिले. हेतू कितीही प्रामाणिक असला तरी हाती आलेला कागद पारखून घेतल्याशिवाय छापू नये, ही शिकवण तेथून आली. लेखकाला आव्हान देण्याचा अधिकार वाचकाला आहे. पण वाचकाच्या पत्रालाही पुराव्याची तीच कसोटी लावावी लागते.

पुढील काळात वाचकांचा पत्रव्यवहार हा प्रत्येक दैनिकाचा अविभाज्य भाग झाला. 'लोकसत्ता'तील 'लोकमानस', 'महाराष्ट्र टाइम्स'मधील 'बहुतांची अंतरे' ही सदरे अग्रलेखाइतक्याच आवडीने वाचणारा वर्ग महाराष्ट्रात निर्माण झाला. तथापि, या दाराशी सर्वांनाच प्रवेश मिळत होता असे नाही. ज्यांचे म्हणणे प्रस्थापित पत्रांतून येत नव्हते, त्यांना स्वतःची पत्रे काढावी लागली. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये 'दीनबंधु' काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत'. या पत्रांची नावेच पाहावीत. मुक्यांचा नायक, बहिष्कृतांचा भारत. आपल्याला काय म्हणायचे हे दुसऱ्याने ठरवण्याआधी आपण ते ठरवले, हा त्या नावांचा अर्थ आहे.

व्याकरण तपासावे, पण कशासाठी?

शब्दावरचा प्रत्येक आक्षेप न्याय्य असतो असे मात्र नाही. भाषेची चूक दाखवून मताची बोळवण करण्याची युक्तीही जुनीच आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. मराठी गद्याला तिने डौल दिला, भाषेविषयी अभिमान जागवला, हे निर्विवाद. परंतु याच मालेतून त्यांनी लोकहितवादींवर कठोर टीका केली, आणि जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या भाषेची व व्याकरणाची टर उडवली. फुल्यांचे 'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यात विचारलेले प्रश्न धर्मसत्तेविषयी आणि समाजातील विषमतेविषयी होते. लेखकाचे शुद्धलेखन तपासून त्या प्रश्नांना उत्तर मिळण्यासारखे नव्हते.

फुल्यांनी या मानदंडापुढे मान तुकवली नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या पुढाकाराने भरलेल्या मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांना आले, तेव्हा त्यांनी पत्र पाठवून सहभागी होण्यास नकार दिला. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला स्थान नाही त्यांच्याशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. आज त्या वादाकडे पाहताना वाचकाला जाणवते ते असे, की फुल्यांचे व्याकरण कसे होते याची चौकशी आता कोणी करीत नाही. त्यांचे प्रश्न मात्र अजून उभे आहेत.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांचे दुसरे क्षेत्र म्हणजे परकीय शब्द. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९२० च्या दशकापासून भाषाशुद्धीची चळवळ चालवली. महापौर, दिनांक, चित्रपट, दिग्दर्शक, प्राचार्य असे आज रोजच्या वापरातले कितीतरी शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्या काळी यांपैकी अनेकांची थट्टा झाली. माधवराव पटवर्धन म्हणजे माधव जूलियन यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. आरंभीच्या काव्यात फार्सी शब्दांची मुक्त उधळण करणारा हा कवी, १९२५ चा फार्सी-मराठी कोश रचणारा हा पंडित, पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला आणि १९३८ मध्ये त्यांचे 'भाषाशुद्धि-विवेक' प्रसिद्ध झाले. शब्दांबाबतचे मत माणूस विचारपूर्वक बदलू शकतो, आणि त्यात कमीपणा नाही, हे त्यावरून दिसते.

'स्टेशन'ला स्थानक म्हणावे की नाही, हा रुचीचा आणि सवयीचा प्रश्न झाला. त्यावर लेखक आणि वाचक जन्मभर भांडू शकतात, कोणाचेही नुकसान होत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे शुद्धलेखनाचे अठरा नियम रूढ असताना त्यांचे पालन व्हावे, अशी वाचकाने अपेक्षा करणे योग्यच. पण ज्या शब्दाने एखाद्या माणसाची वा समाजाची ओळख ठरते, तेथे हा वाद रुचीपुरता उरत नाही.

एका शब्दाचा प्रवास

याचे सर्वांत ठळक उदाहरण 'हरिजन' या शब्दाचे. गांधीजींच्या 'नवजीवन'मध्ये 'अस्पृश्य', 'अंत्यज' असे शब्द येत. त्यांना आक्षेप घेणारी पत्रे खुद्द त्या समाजातील वाचकांकडून आली. आम्हाला या नावाने का हाक मारता, असा त्यांचा सवाल होता. गांधीजींनी पर्याय सुचवण्यास सांगितले, आणि एका पत्रलेखकाने 'हरिजन' हा शब्द सुचवला. संतकवी नरसी मेहतांनी तो वापरल्याचा आधारही त्याने दिला. गांधीजींनी हा सारा वृत्तांत स्वतःच सांगितलेला आहे. पुणे करारानंतर तो शब्द देशभर पसरला. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असतानाच, फेब्रुवारी १९३३ मध्ये, पुण्याहून 'हरिजन' हे साप्ताहिक निघू लागले.

येथवरची कथा वाचकाच्या आक्षेपाला मिळालेल्या आदर्श प्रतिसादाची वाटते. लेखकाने ऐकले, विचार केला, शब्द बदलला. परंतु कथा येथे संपत नाही. ज्यांच्यासाठी हा शब्द निवडला गेला त्यांच्यातील मोठ्या वर्गाला तो मान्य नव्हता. 'हरीचे जन' म्हटल्याने विहिरीवर पाणी भरता येत नाही, आणि सर्वच माणसे देवाची असतील तर आम्हालाच हे खास नाव कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्तीच्या निमित्ताने हा शब्द कायद्यात येऊ लागला, तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी त्यास विरोध केला. त्यांचे म्हणणे मानले गेले नाही, तेव्हा त्यांनी सभात्याग केला.

पुढे 'दलित' हा शब्द पुढे आला. तो या शतकातला नव्हे, आधीपासून वापरात होता. पण १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आणि दलित साहित्याच्या चळवळीने त्याला अभिमानाचा आशय दिला. 'दलित' म्हणजे ज्याला दळले, चिरडले गेले तो. या शब्दात दया नव्हती. कोणीतरी दळणारा आहे, हे त्यात गृहीत होते. मात्र हाही शब्द सर्वांना रुचला नाही. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनेकांना तो मागे खेचणारा वाटला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर हा विषय गेला, आणि २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण खात्याने वृत्तवाहिन्यांना हा शब्द टाळण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी भारतीय प्रेस परिषदेने सरसकट बंदी घालणे उचित नव्हे, अशी भूमिका घेतली.

या प्रवासातून स्तंभलेखकाने घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. सद्हेतू पुरेसा नसतो. गांधीजींचा हेतू कोणी नाकारला नव्हता. आणि ज्या समाजाविषयी आपण लिहितो तो एकजिनसी नसतो. एका वाचकाने सुचवलेला शब्द दुसऱ्याला बोचू शकतो. म्हणून शब्द एकदा बदलला की काम संपले, असे होत नाही.

'दिव्यांग' आणि 'गंगाभागीरथी'

अलीकडची दोन उदाहरणे हाच धागा पुढे नेतात. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'विकलांग' या शब्दाऐवजी 'दिव्यांग' म्हणावे असे सुचवले. लवकरच तो सरकारी कारभारात रूढ झाला, आणि महाराष्ट्रात 'अपंग कल्याण' जाऊन 'दिव्यांग कल्याण' आले. अनेकांनी त्याचे स्वागत केले. परंतु अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या काही संघटनांनी तेव्हाच आक्षेप नोंदवला, की आमच्या शरीरात दिव्य असे काही नाही. आम्हाला उतार असलेला रस्ता, चढता येईल अशी बस आणि नोकरी हवी आहे. गौरवाच्या शब्दाने हक्काचा मुद्दा झाकला जाऊ नये, ही ती भीती.

दुसरे उदाहरण एप्रिल २०२३ मधले. महाराष्ट्राचे तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी 'गंगाभागीरथी' हा शब्द वापरण्याचा विचार व्हावा असे आपल्या खात्याला सुचवले. लग्नपत्रिकांतून 'गं. भा.' हे संक्षिप्त रूप मराठी माणसाला पूर्वीपासून परिचित आहे. तरीही टीकेची झोड उठली. पुरुषाच्या नावामागे त्याची पत्नी हयात आहे की नाही हे सांगणारी उपाधी लागत नाही, मग स्त्रीच्याच मागे का, असा साधा प्रश्न विचारला गेला. हा केवळ प्रस्ताव होता, निर्णय नव्हे, असा खुलासा मग करण्यात आला. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. हेरवाडने स्त्रीचे जगणे बदलण्याकडे लक्ष दिले. 'गंगाभागीरथी'च्या प्रस्तावात बदल फक्त नावापुरता होता. टीकाकारांचा रोख नेमका या फरकावर होता.

सवयीने उतरणारे शब्द

मोठ्या वादांत शब्द डोळ्यांत भरतात. परंतु खरी अडचण रोजच्या, सवयीच्या शब्दांची असते. बातमीची भाषा स्तंभात आणि स्तंभाची भाषा बोलण्यात झिरपते.

'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला' हा मथळा मराठी वाचकाने किती वेळा वाचला असेल! मुलीने नकार दिला, मुलाने पाठलाग केला, शस्त्र चालवले. यात प्रेम नेमके कोठे आहे? 'प्रेम' हा शब्द येताच हल्लेखोराच्या वाट्याला थोडी सहानुभूती येते, आणि मुलीने 'प्रतिसाद दिला नाही' हे जणू कारण ठरते. तसेच 'कर्जाला कंटाळून शेतकऱ्याची आत्महत्या'. माणूस रांगेत उभे राहून कंटाळतो, रटाळ भाषणाला कंटाळतो. सावकाराचा तगादा, बँकेची नोटीस आणि जळून गेलेले पीक यांखाली दबलेल्या माणसाची अवस्था 'कंटाळा' या शब्दात मावते का? आत्महत्येच्या वृत्तांकनाविषयी प्रेस परिषदेने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. भडक भाषा टाळावी, आत्महत्या हा अडचणींवरचा उपाय असल्याचे भासवू नये, असा त्यांचा रोख आहे. एखादे कारण सुटसुटीतपणे मथळ्यात बसवणारे हे 'कंटाळून' त्या कसोटीवर उतरत नाही.

स्त्रियांवरील गुन्ह्यांच्या बातम्यांत 'अब्रू लुटली', 'अतिप्रसंग केला' हे शब्दप्रयोग कित्येक वर्षे चालले. अब्रू जाते ती गुन्हा करणाऱ्याची, सोसणाऱ्या स्त्रीची नव्हे, हे सांगायला वाचकांनाच पत्रे लिहावी लागली. 'विनयभंग' हा तर कायद्याच्या इंग्रजी परिभाषेवरून बेतलेला शब्द. त्यात स्त्रीचा 'विनय' केंद्रस्थानी येतो, आणि झालेली जबरदस्ती बाजूला राहते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये लिंगभेदाच्या रूढ कल्पनांविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत न्यायालयीन लेखनात टाळावयाचे शब्द आणि त्यांचे पर्याय यांची यादीच देण्यात आली. न्यायमूर्तींनाही शब्द तपासून घेण्याची गरज भासते, तर स्तंभलेखकाने त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही.

मराठीत आणखी एक सूक्ष्म जागा आहे, ती आदरार्थी बहुवचनाची. 'मंत्री म्हणाले', 'डॉक्टरांनी सांगितले', पण 'रिक्षाचालक म्हणाला', 'मोलकरणीने सांगितले, ती म्हणाली'. एकाच लेखात, एकाच परिच्छेदात हा भेद होतो. लेखकाच्या मनात तुच्छता असतेच असे नाही. पण कोणाला 'ते' म्हणायचे आणि कोणाला 'तो', याचा निर्णय व्यवसाय पाहून आपोआप झालेला असतो. इंग्रजीत हा प्रश्न या रूपात उद्भवत नाही. मराठीत मात्र क्रियापदाचा प्रत्ययसुद्धा माणसाची पायरी दाखवतो. एखाद्या वाचकाने 'आपण सफाई कामगाराला अरेतुरे का केले?' असे विचारले, तर तो व्याकरणाचा नव्हे, समतेचा प्रश्न विचारीत असतो.

उत्तर कोणी द्यावे?

वाचकाने विचारावे, पण उत्तर कोणी द्यावे? पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी यासाठी स्वतंत्र व्यक्ती नेमण्याचा प्रयोग केला. अमेरिकेतील लुईव्हिल येथील दैनिकाने १९६७ मध्ये वाचकांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी नेमला. लंडनच्या 'गार्डियन'ने १९९७ मध्ये 'वाचकांचा संपादक' हे पद निर्माण केले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपल्याच एका वार्ताहराच्या बनावट वृत्तांच्या प्रकरणानंतर २००३ मध्ये असे पद आणले, आणि २०१७ मध्ये ते रद्दही केले. भारतात 'द हिंदू'ने २००६ मध्ये हा मार्ग स्वीकारला. या पदाची खरी ताकद त्याच्या स्वातंत्र्यात असते. लेखकाचा वरिष्ठ किंवा मित्र या नात्याने नव्हे, तर वाचकाच्या वतीने तो लेखकाला विचारणा करतो.

जेथे असे पद नाही, तेथे संपादक हाच पहिला न्यायाधीश. त्याच्याकडून समाधान झाले नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. मात्र त्याआधी संपादकाला लेखी कळवणे अपेक्षित असते. १९७८ च्या कायद्यानुसार चालणारी ही परिषद समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते. दंड वा शिक्षा करण्याचा अधिकार तिला नाही. अब्रुनुकसानीचा कायदा हा शेवटचा उपाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात तो आहे, आणि जुन्या कायद्याप्रमाणेच त्यातही सद्भावनेने व्यक्त केलेल्या मतांसाठी अपवाद आहेत. न बोचणारा असा एकही शब्द असू नये, अशी कायद्याची अपेक्षा नाही, आणि ती नसणेच बरे. प्रत्येक शब्दासाठी लेखकाला कोर्टाची पायरी चढावी लागली तर उद्या कोणी काही ठामपणे लिहिणारच नाही.

हा धोका काल्पनिक नाही. वाचकांच्या रोषाला भिऊन सपक झालेला स्तंभ कोणाच्याच उपयोगाचा नसतो. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढले, ते बहुसंख्य वाचकांना रुचेल असे लिहिण्यासाठी नव्हे. वाचक नाराज झाला एवढ्यावरून लेखक चुकला असे ठरत नाही. म्हणूनच आक्षेपांचे प्रकार वेगळे ओळखणे आवश्यक ठरते. वस्तुस्थिती चुकली असेल तर आढेवेढे न घेता दुरुस्ती करावी. मताला विरोध असेल तर आपले मत कारणांसह पुन्हा मांडावे, आणि पटल्यास बदलावे. शब्दाला आक्षेप असेल तर स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. हा शब्द काढून त्या जागी साधे वर्णन ठेवले तर माझा युक्तिवाद तितकाच भक्कम राहतो का? आणि ज्याच्याविषयी तो वापरला, त्याच्यासमोर उभे राहून मी तो उच्चारू शकेन का? पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल, तर युक्तिवादाचे काम शब्दाकडून करून घेतले गेले आहे. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर वाचकाचे पत्र पुन्हा एकदा वाचावे.

वाचकाचीही काही जबाबदारी आहे. आक्षेप घेताना पूर्ण वाक्य उद्धृत करावे, तुकडा नव्हे. उपरोध आणि विधान यांतील फरक ध्यानात घ्यावा. लेखकाची जात, गाव, आडनाव यांचा शोध घेऊन त्यातून त्याच्या मताचा अर्थ लावू नये. कारण तसे करणारा वाचक ज्या दोषाबद्दल लेखकाला धारेवर धरतो, तोच दोष स्वतः करतो. आणि शक्य असेल तेथे पर्यायी शब्द सुचवावा. तो स्वीकारला जाईलच असे नाही, आणि स्वीकारला गेला तरी तो शेवटचा ठरेल असेही नाही. 'हरिजन' सुचवणाऱ्या त्या वाचकाला आपला शब्द एवढा दूर जाईल, आणि पुढे ज्यांच्यासाठी तो सुचवला त्यांच्याकडूनच नाकारला जाईल, याची कल्पना नसणार. तरीही त्याने पत्र लिहिले, आणि एका मोठ्या लेखकाला आपली सवयीची भाषा तपासावी लागली. एवढे काम एका पत्राने केले.